पिवळी रेघ

ही घटना खरी आहे.

अशा गोष्टींच्या आरंभी हे वाक्य इतके वापरून झाले आहे की झिजलेल्या नाण्यासारखे ते आता कुणी उलटून पाहत नाही. म्हणून पुरावा म्हणून एवढेच सांगतो: जिच्या बाबतीत हे घडले ती माझी मावसबहीण आहे, तिला थापा मारण्याचा मनापासून कंटाळा आहे, आणि हे सगळे सांगत असताना, अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत, तिच्या हातातली कात्री एकदाही थांबली नाही.

रात्र नव्हती. वादळ नव्हते. दिवे गेलेले नव्हते.

रविवारची दुपार होती. लख्ख ऊन होते. आणि गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यालगत, एका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एक अर्धवट गाडी विकायला उभी होती.

भुतांविषयी जे लिहिले गेले आहे त्यातले बरेचसे मी वाचले आहे. त्या लिखाणातली भुते सूड घेतात, धन राखतात, न्याय मागतात, आणि काहीच सुचले नाही तर येणाऱ्याजाणाऱ्याला घाबरवतात.

नेमाने कामावर येणारे भूत मला त्यात कुठे भेटले नाही.

मावसबहिणीला आम्ही सगळे ताई म्हणतो. ती घरीच पुरुषांचे कपडे शिवते. तिचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, एका मोठ्या गॅरेजात गिअरबॉक्सचे मिस्त्री आहेत. तरुणपणापासून त्यांना एकच वेड: ड्रॅग रेस. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सरळ रेषेत सोडायच्या, आणि बघणाऱ्याने रोखलेला श्वास सोडायच्या आत कोण जिंकले हे ठरून जाते. वळण नाही, डावपेच नाहीत. सगळी विद्या गाडी बांधण्यात. भावोजींनी अशा कितीतरी गाड्या दुसऱ्यांसाठी बांधल्या होत्या. स्वतःची एकही नव्हती.

जाहिरात त्यांनीच दाखवली. "ड्रॅग रेससाठी बांधायला घेतलेली गाडी. जवळजवळ पूर्ण. थोडे काम बाकी."

जाहिरातींची भाषा खरे तर गुन्हेशास्त्रात शिकवायला हवी. पण ते असो.

"जवळजवळ पूर्ण म्हणजे काय हो?" ताईने विचारले.

"म्हणजे थोडं बाकी."

"थोडं म्हणजे किती?"

"ते बघितल्यावर कळेल ना."

"लग्नाआधी तुमच्याबद्दल माझ्या आईला असंच सांगितलं होतं. मुलगा जवळजवळ मार्गी लागलाय."

"मग? लागलो की नाही?"

"थोडं काम बाकी आहे," ताई म्हणाली आणि चपला घालायला उठली.

त्यांच्या घरात एक रीत आहे. कुठलीही मोठी वस्तू घ्यायची तर दोघांचाही होकार लागतो. एकाचा जरी नकार असला तरी विषय संपला, रुसवाफुगवा नाही. भावोजींनी आयुष्यात प्रथमच स्वतःसाठी काही मागितले होते, आणि त्याला नाही म्हणण्याची मुभा फक्त ताईला होती. ती मुभा तिला त्या दिवशी जड वाटत होती. हो म्हणायचे, असे ठरवूनच ती निघाली होती.

शेडच्या दारात गाडीचा मालक उभा होता. उंच, वाकलेला म्हातारा. हाताची नखे पिवळी. ताईला आधी वाटले आजार असेल. जवळ गेल्यावर कळले, रंग होता.

"गाडी मुलाची," तो म्हणाला. "त्याने बांधली. मी नुसता मदतीला."

"मुलगा नाही का आज?" भावोजींनी विचारले.

"आहे ना. कामात आहे."

गाडी चार लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती. चाके भिंतीला टेकवून ठेवलेली. आतली गादी, अस्तर, मागचे सीट, सगळे काढून टाकलेले आणि त्या जागी नळ्यांचा पिंजरा जोडलेला. इंजिन जागेवर. त्यातली ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, ज्याला मिस्त्री लोक शाफ्ट म्हणतात, तोही जागेवर. भावोजी गाडीभोवती फिरू लागले. देवळात शिरल्यावर माणसाचा आवाज उतरतो तसा त्यांचा आवाज उतरला होता.

ताईचे लक्ष मात्र सीटकडे गेले.

अशा गाडीचे सीट विकत मिळत नाही, ओतावे लागते. पातळ पिशवीत फेसाळणारे रसायन भरतात, त्यावर चालवणारा बसतो, रसायन फुगते आणि त्याच्या अंगाभोवती घट्ट होते. पाठ, बरगड्या, खांदे, सगळ्यांचा साचा. ते सीट मग जन्मभर त्या एकाच माणसाचे.

ताईने त्या साच्यावरून हात फिरवला. डाव्या खांद्याची खोबण उजवीपेक्षा स्पष्टपणे खाली होती.

"खांदा उतरलेला आहे तुमच्या मुलाचा."

म्हाताऱ्याने तिच्याकडे वळून पाहिले. "लहानपणी झाडावरून पडला. हाड तसंच जुळलं." मग भावोजींना म्हणाला, "बसा ना. बसून बघा."

"माझ्या मापाचं नाही ते, काका."

"बसा तरी."

भावोजी पिंजऱ्यातून पाय टाकून आत शिरले. बसले.

आणि...

सीटने त्यांना घेतले.

ताईचा शब्द हाच. पाण्यात हात घातला की पाणी जसे बोटांभोवती बसते, तसे. एकाचे कपडे दुसऱ्याला कसे बसतात हे तिच्याइतके कोण जाणे. कुठे ताण, कुठे झोळ, काही तरी राहतेच. तिने भावोजींच्या डाव्या खांद्यामागे बोट सरकवून पाहिले. भावोजींचे दोन्ही खांदे सरळ, म्हणजे तिथे फट हवी.

फट नव्हती.

बोटसुद्धा शिरले नाही.

"अगं, माझ्यासाठीच ओतल्यासारखं आहे," भावोजी म्हणाले. ते हसत होते. लग्नाच्या फोटोत हसले होते तसे.

थोड्या वेळाने ते बाहेर आले आणि भिंतीचे एक चाक उचलून ते बघायला शेडबाहेरच्या उजेडात गेले. ताई आणि म्हातारा स्टुलांवर बसले. म्हातारा दर्जाविषयी, पत्र्याच्या जाडीविषयी बोलत होता. बोलता बोलता...

टक. टक.

गाडीखालून. मागच्या बाजूने. पान्याने पत्र्यावर हलकेच ठोकावे तसे.

म्हाताऱ्याचे वाक्य अर्धे राहिले. तो उठला. कोनाड्यातल्या डबीतून बारीक कुंचला घेतला, गाडीच्या मागे गुडघे टेकले, हात आत घालून एक रेघ ओढली आणि म्हणाला,

"बघितलं."

मग परत येऊन बसला. वाक्य जिथे सोडले होते तिथून पुढे चालू.

ताई म्हणाली, "माझे यजमान खाली शिरले वाटतं."

तेवढ्यात भावोजी दारातून आत आले. हातात चाक.

गाडीखाली कुणी नव्हते.

आता ती रेघ म्हणजे काय, हे ताईला कुणी समजावून द्यायला नको होते. लग्नापासून तिने तो नियम जेवताना ऐकला होता, झोपताना ऐकला होता. खालचा माणूस नट आवळतो आणि पत्र्यावर दोनदा ठोकतो. वरचा माणूस स्वतः पाना लावून पाहतो, नट हलत नाही याची खात्री करतो, मग नटावरून शेजारच्या लोखंडावर एक सलग पिवळी रेघ ओढतो आणि मोठ्याने म्हणतो, बघितलं. पुढे नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि कळते. आवळणारा एक, बघणारा दुसरा. स्वतःच्या कामावर स्वतः खूण करायची नाही, आणि हात न लावता तर मुळीच नाही. हे जग त्या एका शब्दावर उभे आहे: पूल, पाळणे, लिफ्टचे दोर. तो शब्द किती जण खुर्चीत बसून उच्चारतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही, म्हणून आपण सुखाने झोपतो.

घरी येताना ताई म्हणाली, "त्यांनी पाना लावलाच नाही. नुसता रंग फासला."

"म्हातारे आहेत गं."

या एका कारणावरून भावोजी पूर्वी आपल्या मालकाशी कडाकडा भांडले होते. ताईने त्यांच्याकडे पाहिले. ते समोर बघत होते, खूश.

"आणि खाली कोण ठोकत होतं?"

"पत्रा तापतो उन्हात. वाजतो."

तिने आणखी एक विचारले. सीटच्या डाव्या अंगाला गाडीच्या तळाचा पत्रा नवा कसा? तो तिला तिथेच दिसला होता. जुन्या कापडावर ठिगळ लावले की शिवणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

"गंजला असेल. कापून दुसरा लावला असेल," भावोजी म्हणाले. मग जरा थांबून, "जोड मात्र वेगळ्या हाताचा आहे. गाडी ज्याने बांधली त्याचा नाही."

होकार-नकाराचे त्या दिवशी ठरले नाही. भावोजींनी विचार करायला वेळ मागून घेतला, आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही रविवारी गेले. एकटे.

"काय करता तिथे?"

"काही नाही. बसतो."

"कुठे?"

"गाडीत."

मग बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. ताटावर बसण्याआधी भावोजी पाटाच्या कडेवर दोनदा टिचकी मारू लागले. टक, टक. मग थांबत. कशाची तरी वाट पाहत. ताई वाढायची थांबली की म्हणत, "काही नाही, वाढ."

एकदा तिने गमतीने म्हटले, "बघितलं."

भावोजींचा चेहरा एकदम निवळला. ते जेवू लागले.

तिला ती गंमत पुन्हा करवली नाही.

मग शर्ट. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाचा खाकी कागदाचा साचा ताई कापून खिळ्याला अडकवून ठेवते. भावोजींचा साचा लग्नापासून तोच. त्याच साच्यावर तिने नवा शर्ट बेतला, शिवला, त्यांच्या अंगावर चढवला.

डाव्या बाजूला झोळ आला.

तिने टाके उसवले. पुन्हा शिवला. झोळ तसाच. मग तिने शर्टाचा नाद सोडला आणि टेप घेऊन माणूस मोजला.

डावा खांदा उतरला होता.

"ओझं उचलून झालं असेल," भावोजी म्हणाले.

ताईने टेप गुंडाळून ठेवला. तिने ओझे उचलणारे पुष्कळ खांदे मोजले होते. ते दुखतात, सुजतात, पुढे झुकतात. हा खांदा तसा नव्हता. हा खांदा लहानपणापासून असाच असल्यासारखा होता.

आणि असा खांदा तिने आधी एकदाच पाहिला होता. हाताने. सीटच्या साच्यात.

त्या रविवारी ती त्यांच्याबरोबर गेली.

आज ठरवायचे होते. वाटेत भावोजी म्हणाले, "माझा हो आहे. तुझं तू सांग." ताईच्या जिभेवर नकार होता, पण कारण काय सांगणार? शर्टाला झोळ येतो म्हणून गाडी नको?

म्हाताऱ्याने त्यांना शेडमध्ये बसवले आणि गाडीची कागदपत्रे आणायला तो घरात गेला. दुपारचे ऊन पत्र्याच्या भोकांतून आत पडले होते. भावोजी कोनाड्यापाशी उभे होते. आणि मग...

टक. टक.

भावोजींनी वळूनही पाहिले नाही. त्यांचा हात आपसूक डबीकडे गेला. कुंचला बुडवला. गाडीमागे गुडघे टेकले, हात आत घातला, रेघ ओढली.

"बघितलं," ते म्हणाले.

पाना त्यांच्यापासून हातभर अंतरावर टांगलेला होता.

हा माणूस, ज्याने घरातल्या पंख्याचा स्क्रूसुद्धा हात लावल्याशिवाय कधी 'बघितला' नव्हता, तो न बघता बघितलं म्हणाला होता.

"अहो..."

गाडीच्या पुढच्या बाजूने एक घरघर ऐकू आली.

मिस्त्री लोक गाडीखाली शिरायला चाकांची फळी वापरतात. तसली एक फळी गाडीखालून... सावकाश... बाहेर आली.

रिकामी.

ती भावोजींच्या पायाशी येऊन थांबावी म्हणून जणू ते आधीच पुढे येऊन उभे राहिले होते. ते फळीवर आडवे झाले. कुणी घरच्या पलंगावर व्हावे तितक्या सहजपणे. आणि खाली सरकले. बाहेर फक्त बूट उरले.

"अहो, बाहेर या."

बूट हलले नाहीत.

टक. टक.

दारात म्हातारा आला होता. त्याने हातातले कागद स्टुलावर ठेवले, कुंचला उचलला आणि गाडीच्या मागे जाऊ लागला.

"थांबा," ताई म्हणाली. "आधी पाना लावा."

"त्याने आवळलाय."

"हात लावून बघा, काका."

"बाई, त्याने आवळलाय म्हणतो ना."

ताईने त्याला बाजूला सारले, ओढणी कमरेला खोचली, गुडघे टेकले आणि वाकून गाडीखाली पाहिले.

पुढच्या टोकाला भावोजी उताणे पडले होते. दोन्ही हात छातीवर. डोळे उघडे. पाना त्यांच्याजवळ नव्हताच.

ठोकण्याचा आवाज मागून आला होता. तिच्या तोंडासमोरून.

तिथे शाफ्टचा मागचा सांधा होता. त्याच्या एका नटावर पिवळा रंग होता. एक रेघ नाही... रेघेवर रेघ, तिच्यावर रेघ, मेणासारखी साचलेली जाड पुटे. आणि ते सगळे मधोमध तुटलेले. आत्ताची ओली रेघसुद्धा.

ताईने हात आत घातला. दोन बोटांनी नट धरला.

तो फिरला. बरणीचे झाकण फिरावे तसा.

ती मिस्त्री नव्हे. पण मिस्त्रीच्या घरात नांदली होती, आणि अशा वेळी काय बोलायचे असते ते तिला माहीत होते. ती मोठ्याने, स्पष्ट म्हणाली,

"सैल आहे. खूण करू नका."

शेडमध्ये काहीच हलले नाही.

मग तिच्या हाताच्या अगदी शेजारी, काही नसलेल्या जागी... जमिनीवर पाना ठेवल्याचा आवाज झाला. टाकल्याचा नाही. ठेवल्याचा. ज्या माणसाचे काम अचानक थांबले आहे आणि ज्याला आता काहीतरी समजले आहे, असा माणूस ठेवील तसा.

ताईने हात ओढून घेतला.

मागे म्हातारा मटकन खाली बसला होता.

"त्याला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

भावोजी धडपडत बाहेर आले, भिंतीला टेकून बसले, आणि विचारू लागले, "मी खाली कधी गेलो?" ताईने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले.

"तो ठोकायचा," म्हातारा सांगू लागला. "मी उठायचो, बघायचो, खूण करायचो. त्या दिवशी ऊन होतं. मला डुलकी लागली होती. त्याने ठोकलं. मी रेघ ओढली नि म्हणालो, बघितलं. तो वर आला, सीटमध्ये बसला, गाडी घोड्यांवर असतानाच इंजिन चालू केलं. दाबलं. शाफ्ट सुटला... तळ फाडून आत आला."

ताईने नव्या पत्र्याकडे पाहिले नाही.

"कामाला तो दुसऱ्याच दिवशी आला. ठोकलं. त्याला वाटतं अजून तोच दिवस आहे. तोच नट. मी म्हणतो बघितलं, की तो गप्प होतो. पाना लावला तर त्याला कळेल ना, सैल होता म्हणून. कळेल, की त्या दिवशीसुद्धा..." त्याने वाक्य सोडून दिले.

"मग गाडी विकता कशाला?" ताईने विचारले. तिच्या आवाजात दया नव्हती, असे तीच सांगते.

"माझं आता काय उरलंय? मी गेल्यावर त्याला बघितलं कोण म्हणणार?"

म्हणजे त्याला गिऱ्हाईक नको होते. खोटे बोलणारा नवा माणूस हवा होता. आणि जाहिरातीत लिहिले होते: थोडे काम बाकी.

वाटेत ताई म्हणाली, "माझा नकार आहे."

"माझाही," भावोजी म्हणाले.

विषय संपला.

दुसऱ्या दिवशी भावोजींनी गॅरेजातल्या रंगाऱ्याला गाठले. गाडीच्या नव्या पत्र्यावर रंग त्याचाच होता. तो म्हणाला, हो, सगळ्यांना माहीत आहे. रेसवाल्यांना माहीत, भंगारवाल्याला माहीत, जोड मारणाऱ्यालाही माहीत. मग सांगितले का नाही? तर तो म्हणाला, "विक्रीच्या मध्ये कोण बोलतं, भाऊ? म्हाताऱ्याचं नुकसान." या एका उत्तरात मला माणसांचा जेवढा इतिहास दिसतो तेवढा मी वाचलेल्या कुठल्याही जाड ग्रंथात दिसला नाही. सगळे सज्जन. सगळ्यांनी बघितलेले. हात कुणी लावलेला नाही.

भावोजींचा खांदा हळूहळू सरळ झाला. जुन्या साच्यावर बेतलेला शर्ट पुन्हा नीट बसू लागला. टिचक्या थांबल्या. गाडीचा विषय ते काढत नाहीत.

पुढे तो म्हातारा गेल्याची बातमी रंगाऱ्यानेच आणली. शेडला कुलूप लागले. गाडी कुठे गेली, कुणाला ठाऊक नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती.

हे सगळे मला समजले ते योगायोगाने. मी शर्टाचे माप द्यायला ताईकडे गेलो होतो. दुपारच होती. भावोजी कामावर. बसल्या बसल्या माझे लक्ष शिलाई मशीनकडे गेले. तिच्या प्रत्येक स्क्रूवर एकेक पिवळी रेघ होती. कापडावर खुणा करायचा शिंप्याचा खडू. मग दिसले, खिडकीच्या बिजागरीवर तशीच रेघ. कपाटाच्या कडीवर. माझ्या खुर्चीच्या पायावर.

मी हसलो. म्हणालो, "ताई, हा काय नवा छंद?"

तेव्हा तिने कात्री चालवत चालवत हे सगळे सांगितले. शेवटी म्हणाली, "म्हातारा गेला ना, तेव्हा आम्हाला अजून कळलंसुद्धा नव्हतं. इथे आधीच..."

ती थांबली.

कात्रीही थांबली. पहिल्यांदाच.

टक. टक.

कापड बेतायच्या टेबलाखालून.

तिथे कुणी नव्हते. टेबलाखाली मला आरपार दिसत होते: फरशी, चिंध्यांची टोपली, पलीकडची भिंत.

ताईने कात्री ठेवली. खणातून पेचकस काढला. खाली वाकली, टेबलाच्या पायाशी हात घातला, चाचपले. "हं," म्हणाली. पेचकस फिरवला. पुन्हा हात लावून पाहिले. पुन्हा एकदा पाहिले. मग खडूने रेघ ओढली आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून, लहान मुलाला सांगावे तसे, म्हणाली,

"बघितलं."

आणि उठून कापडाला हात घातला.

मी विचारले, "रोज होतं हे?"

"रोज नाही. काही सैल असलं तर."

"आणि तुला... भीती नाही वाटत?"

"वाटते ना." तिने टेप गळ्यात अडकवला. "एखाद्या दिवशी शिवण अर्धवट असेल, गिऱ्हाईक दारात असेल, आणि मी न बघताच म्हणून जाईन. त्याची वाटते. ऊठ, खांदे सरळ ठेव, माप घेऊ दे."

मी उभा राहिलो. खांदे सरळ ठेवले. तिने माझे डावे आणि उजवे, दोन्ही खांदे मोजले. दोनदा मोजले. आकडे वहीत लिहिले आणि वही मिटली.

हे लिहायला बसण्याआधी मी माझ्या टेबलाखाली हात घालून पाहिले. असे मी आयुष्यात कधी केले नव्हते. मागच्या पायाचा एक स्क्रू बोटांनी फिरला.

मी तो आवळला. हात लावून पाहिला. घट्ट आहे.

खूण अजून केलेली नाही. आवळणारा मीच होतो. बघायला दुसरा माणूस लागतो, आणि या घरात मी एकटाच राहतो.

निदान आजवर तरी असेच समजत होतो.